जुनं झालंय, बदलून टाका!



ऑक्टोबरनंतर इथे काहीच लिहिलं नाही म्हणून दोघातिघांनी मेल करून चौकशी केली. एकीने तर 'तब्येत बरी आहे ना?' असं हळूच विचारलं. (आमच्या वयात या प्रश्नाचा खरा अर्थ काय असतो ते कळतं हो आम्हाला!) तर तब्येत ठणठणीत आहे. आजारी होतं ते आमच्या घरचं इंटरनेट. ते चार महिन्यांनी बरं झालंय, आणि आता मला भांडायचंय.

भांडण एका वाक्याशी आहे. 'जुनं झालंय, बदलून टाका.' ऑक्टोबर २०२५ ते फेब्रुवारी २०२६ या काळात हे वाक्य मी किती जणांच्या तोंडून ऐकलं म्हणता? कंपनीच्या फोनवरची मुलगी, घरी आलेले दोन तंत्रज्ञ, कॉम्प्युटरचा दुकानदार, समोरच्या फ्लॅटमधले साठे... (नाव बदललंय, उगाच जिन्यात अबोला नको), आणि शेवटी माझा स्वतःचा मुलगा. सहाही जणांचं एकमत. आणि सहाही जण चूक.

पण सुरुवातीपासून सांगते.

माझी मोठी बहीण इंदूरला असते. आम्ही तिला ताईच म्हणतो. वय ८२. गेल्या काही वर्षांत तिला ऐकू येणं जवळजवळ बंद झालंय. कानातलं मशीन आहे, पण फोन कानाला लावला की ते शिट्ट्या मारतं. त्यामुळे साधा फोन तिच्या उपयोगाचा नाही. मग तिच्या सुनेने युक्ती काढली. ती रोज साडेसातला ऑफिसातून घरी येते, आठ वाजता ताईला मोठ्या पडद्यासमोर बसवते आणि व्हिडिओ कॉल लावते. ताई माझे ओठ वाचते. मी सावकाश, तोंड नीट उघडून बोलते. चौतीस वर्षं चौथी-पाचवीच्या वर्गात शब्दन् शब्द सुटा करून बोलायची सवय होती, ती अशी म्हातारपणी कामाला आली. ताई बोलायला तर खणखणीत आहे. वीस मिनिटं गप्पा होतात. आज काय केलंस, गुडघा कसाय, अमकीच्या मुलीचं जमलं का... आमचं लहानपण कऱ्हाडच्या ज्या वाड्यात गेलं तो वाडा आठवणाऱ्या जगात आता आम्ही दोघीच उरलो आहोत. त्यामुळे ती वीस मिनिटं ही काही 'टाइमपास' नव्हे.

आता विचार करा, आवाज चालू आहे पण चित्र गोठलंय, तर तुमचं-माझं चालतं. ताईचं चालत नाही. माझं तोंड अर्धवट उघडं राहून तिच्या पडद्यावर थिजलं की तिच्यासाठी मी गप्प झाले. आणि दिवाळीच्या सुमारास रोज नेमकं तेच होऊ लागलं. आठ वाजून पाच मिनिटांनी चित्र थिजायचं, दोन मिनिटांनी परत यायचं, पुन्हा जायचं. ताईला वाटायचं मी कंटाळून बोलत नाही. एकदा ती सुनेला म्हणाली, "बेबीला बरं नसेल, राहू दे आज." ते मला ऐकू आलं. मला ऐकू येत होतं ना! तिला कळत नव्हतं.

(कोणी म्हणेल मोबाइलवरून करायचा. आमच्या घरात मोबाइलला रेंज म्हणजे गच्चीवर. तिथे तीन वेळा गेले. रात्री आठला साताऱ्याच्या थंडीत, अंधारात. अंधारात ओठ दिसत नाहीत.)

तक्रार केली. फोनवरची मुलगी गोड होती. "मॅम, राउटर बंद करून चालू करा." केला. "मॅम, संध्याकाळी लोड असतो. आपण शंभरचा प्लॅन वापरताय, दोनशेचा घ्या." व्हिडिओ कॉलला दोन-तीन एमबीपीएस सुखाने पुरतात हे मी वाचलं होतं. आपल्या सरकारच्या व्याख्येत ब्रॉडबँड म्हणजे २००४ साली २५६ केबीपीएस होतं, २०२३ पासून ते किमान २ एमबीपीएस झालं. माझ्याकडे कागदावर शंभर आहेत आणि प्रश्न वेगाचा नाही, तुटण्याचा आहे. बागेचा पाइप कुठेतरी मुडपलाय आणि माळी म्हणतोय टाकी मोठी घ्या!

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला तंत्रज्ञ आला. नेट उत्तम चालू होतं. त्याने मोबाइलवर वेग मोजला, मला दाखवला आणि टेबलावरच्या माझ्या कॉम्प्युटरकडे बघून म्हणाला, "मॅडम, प्रॉब्लेम इथे आहे. हे मशीन केव्हाचं आहे?" मी म्हटलं, २०१४. तो हसला. हसणं वाईट नव्हतं, आपण आजीच्या नऊवारीकडे बघून हसतो तसं. "जुनं झालंय मॅडम. बदलून टाका." तो जिना उतरायच्या आत मोबाइलवर निरोप आला की आपली तक्रार निवारण झाली आहे, सेवेला किती तारे द्याल?

मी शाळेत असताना एक सहकारी होते. पेपर न वाचताच मार्क द्यायचे. नाव बघायचे, गेल्या परीक्षेचे मार्क बघायचे आणि दोन इकडे-तिकडे करून टाकायचे. बहुतेक वेळा ते खपूनही जायचं, कारण हुशार मूल बहुधा हुशारच निघतं. पण एखादं पोर त्या वर्षी खूप अभ्यास करून आलेलं असायचं, त्याचं काय? माझा कॉम्प्युटर नापास झाला तो असा. पेपर कोणी उघडलाच नाही, जन्मतारीख बघितली.

त्यात दोन योगायोग असे जुळून आले की कॉम्प्युटरची बाजू घ्यायला कोणीच उरलं नाही. पहिला म्हणजे विंडोज टेन. १४ ऑक्टोबर २०२५ ला त्याचा आधार संपला, म्हणजे सुरक्षेच्या दुरुस्त्या येणं बंद. (नोंदणी केली तर घरगुती वापरासाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मुदतवाढ मिळते, हे मला दुकानदाराने नाही, साताऱ्यातल्याच एका माजी विद्यार्थ्याने सांगितलं.) आणि विंडोज इलेव्हन माझ्या यंत्रावर चढत नाही. त्याला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची चकती हवी आणि प्रोसेसरही साधारण २०१८ नंतरचा हवा. यंत्र चालतंय का हा प्रश्नच नाही, जन्म कधीचा ते सांगा!

दुसरा योगायोग जास्त मजेशीर. दिवाळीआधी आम्ही घराला रंग काढला. आठ दिवस कॉम्प्युटर चादरीत गुंडाळून आतल्या खोलीत. परत जोडला तर प्रत्येक साइटवर इशारा, 'आपले कनेक्शन खाजगी नाही.' बँकेचं पान उघडेना, मेल उघडेना. घाबरून दुकानात नेला. दुकानदाराने उघडलाही नाही. "काकू, मदरबोर्ड गेलाय. या मॉडेलचे पार्ट येत नाहीत. लॅपटॉप घ्या, ४८ हजारात देतो." आणि मंडळी, मी घेतला. पेन्शनरबाईने ४८ हजार मोजले. मुलगा पुण्याहून फोनवर म्हणत होता, "आई, फेक तो डबा, मी पैसे पाठवतो." पैसे मी घेतले नाहीत, पण सल्ला घेतला.

नवा लॅपटॉप आला. चकचकीत. रात्री आठ वाजता ताईचा कॉल लावला. आठ वाजून चार मिनिटांनी चित्र थिजलं.

तेव्हा मी रडले नाही, चिडले. आणि मास्तरीण चिडली की वही काढते.

दोनशे पानी वही आणली, रेघा मारल्या. तारीख, वेळ, काय झालं, आणि शेवटचा रकाना 'आज वेगळं काय होतं'. हा शेवटचा रकाना शाळेतल्या सवयीने. मूल अचानक बिघडलं तर आम्ही पहिलं हेच विचारायचो, कधीपासून? आणि त्या सुमारास घरात काय बदललं? डॉक्टरही पहिला प्रश्न हाच विचारतात. चार महिन्यांत मला सहा जणांनी 'बदलून टाका' सांगितलं, 'कधीपासून होतंय?' असं एकानेही विचारलं नाही. माझं सगळं भांडण या एका न विचारलेल्या प्रश्नाचं आहे.

त्याच माजी विद्यार्थ्याने फोनवर मला पिंग शिकवलं. तुम्हीही शिकून ठेवा, फार सोपं आहे. विंडोजमध्ये शोधाच्या चौकटीत सीएमडी लिहा, काळी खिडकी उघडते. तिथे पिंग, मग एक जागा सोडून आपल्या राउटरचा पत्ता. आमचा १९२.१६८.१.१ आहे, बहुतेकांचा हा नाहीतर शून्य-एकवाला असतो (आकडे इंग्रजीत टंकायचे, बरं का). त्यापुढे पुन्हा एक जागा, आडवी रेघ आणि टी. म्हणजे ते थांबवेपर्यंत हाका मारत राहतं. तशीच दुसरी काळी खिडकी उघडून तिथे बाहेरचा पत्ता द्यायचा, ८.८.८.८. एक खिडकी घरातल्या पेटीला 'आहेस का?' विचारते, दुसरी घराबाहेरच्या जगाला. दोन्हीकडची उत्तरं एकदम बंद झाली तर दोष घरातला, म्हणजे वायफाय, राउटर नाहीतर कॉम्प्युटर. पहिली चालू राहिली आणि दुसरीच बंद पडली तर कॉम्प्युटर निर्दोष. दोष पेटीत किंवा पेटीच्या पलीकडे.

वायफायचा संशय आधी काढून टाकला. एका केबलने लॅपटॉप थेट पेटीला जोडला. शेजाऱ्यापाजाऱ्यांची वायफाय एकमेकांत मिसळतात, मायक्रोवेव्ह लावला की २.४ गिगाहर्ट्झवालं वायफाय अडखळतं, हे सगळं खरं आहे, पण केबलला त्याचं काही नसतं. आठ वाजले. पेटी व्यवस्थित ओ देत होती. बाहेरचं जग गप्प. पेटीवर एक लाल दिवा मधूनमधून लुकलुकत होता, त्याखाली बारीक अक्षरात एलओएस लिहिलंय. मी चष्म्यावर भिंग धरून वाचलं. लॉस ऑफ सिग्नल. म्हणजे त्या बिचाऱ्या पेटीने चार महिने कपाळावर लिहून ठेवलं होतं की मला बाहेरून उजेड पोचत नाही! आलेल्या दोघांपैकी कोणालाही तो दिसायचा नाही, कारण दोघेही सकाळी अकराला आले आणि सकाळी तो लागतच नव्हता.

आठवडाभराची वही घेऊन पुन्हा फोन केला. उत्तर आलं, "मॅम, आपला डिव्हाइस ओल्ड आहे का?" मी म्हटलं, मुली, डिव्हाइस आठ दिवसांचं आहे, ओल्ड मी आहे.

मग नियम शोधले. ट्रायचे २०१२ सालचे तक्रार निवारणाचे नियम आहेत. प्रत्येक तक्रारीला डॉकेट नंबर द्यावा लागतो आणि समाधान झालं नाही तर कंपनीच्याच अपील प्राधिकाऱ्याकडे अपील करता येतं, त्याला पैसे पडत नाहीत. हे आपल्याला फोनवर कोणी सांगत नाही. माझ्याकडे पाच डॉकेट नंबर होते, पाचांपुढे 'निवारण झाले' असा शिक्का. वहीच्या पानांचे फोटो काढून अपिलाला जोडले आणि शेवटी लिहिलं, कृपया माणूस रात्री आठ वाजता पाठवावा. तिसऱ्या दिवशी रात्री पावणेआठला एक मुलगा आला. विशी-बाविशीचा, पाठीवर सॅक, हातात छोटं मीटर. दारातच म्हणाला, "आजी, वही बघू?"

मंडळी, त्या तीन शब्दांसाठी मी त्याला आधी चहा दिला.

त्याने उभ्याउभ्या पानं चाळली आणि विचारलं, "चौदा जानेवारीला आणि बावीसला तुटलं नाही. का?" मी शेवटचा रकाना दाखवला. चौदा जानेवारी, संक्रांत, गुळाच्या पोळ्या, तव्यावर गूळ जळून घरभर धूर. बावीस जानेवारी, दूध उतू जाऊन करपलं, वास. तो म्हणाला, "मग तुम्ही काय केलं?" काय करणार, खिडकी उघडी ठेवली!

आम्ही दोघांनी एकदमच हॉलच्या खिडकीकडे बघितलं.

आमची ती सरकती अॅल्युमिनियमची खिडकी. फायबरची काळी तार २०२१ साली तिच्याच कोपऱ्यातल्या खाचेतून आत घेतली होती. दिवाळीच्या रंगाच्या वेळी रंगाऱ्याने ती खाचेतून काढून बाजूला केली आणि नंतर खिडकीच्या रुळातच राहू दिली. दिवसभर खिडकी उघडी. संध्याकाळी सात-साडेसातला डास यायला लागले की हे उठून खिडकी ओढून घेतात, आणि झडप त्या तारेला चिमटा काढते. रात्रभर चिमटा तसाच, पण तेव्हा आम्ही झोपलेले. सकाळी खिडकी उघडली की नेट शहाणं. लोड नाही, प्लॅन नाही, २०१४ चा कॉम्प्युटर नाही, विंडोज टेन नाही. डास!

मुलाने पेटीतून तार काढून मीटरला लावली. खिडकी उघडी असताना वजा २०. मला म्हणाला, "आता लावा." मी झडप ओढली. वजा २९. त्याने मला समजावून सांगितलं आणि मी जुन्या अकरावीची, मराठी माध्यमाची बी.ए. असूनही मला ते कळलं. हे आकडे डेसिबलचे. तीनने कमी झालं की उजेड निम्मा. नऊने कमी म्हणजे निम्म्याचा निम्मा, त्याचाही निम्मा, म्हणजे आठवा हिस्सा. वजा सत्तावीस-अठ्ठावीसच्या खाली गेलं की घरातली पेटी हात टेकते. ज्या काचेच्या धाग्यातून हा उजेड येतो त्याचा गाभा नऊ मायक्रॉनचा, केस त्याच्या कितीतरी पट जाड. उजेड काचेच्या आतल्या आत परावर्तित होत पुढे जातो, पण धागा फार वाकवला की वळणावर बाहेर सांडतो. (फायबर ऑप्टिक्स हे नाव रूढ करणारे नरिंदरसिंग कपानी आपल्या पंजाबातल्या मोग्याचे. ही माहिती मी त्या मुलाला दिली. फिट्टंफाट.) आणि तो उजेडही आपल्या एकट्याचा नसतो, वाटेत एका डबीत तो अनेक घरांत वाटला जातो. आधीच वाटणीचा उजेड, त्यावर आमची खिडकी.

चेपलेला तुकडा कापला, नवा कनेक्टर बसवला, भिंतीत खिडकीच्या बाहेरच्या बाजूने बोटभर भोक पाडलं आणि तार त्यातून घेतली. चाळीस मिनिटं. खर्च शून्य. रंगाऱ्याला मी काही बोलले नाही, त्याला कोणी सांगितलं होतं त्या तारेत काय असतं ते?

आता जुन्या कॉम्प्युटरचं. तो मदरबोर्ड गेलेला, आठवतंय ना? त्या माजी विद्यार्थ्याने शनिवारी येऊन तो उघडला. आत घड्याळातल्यासारखा एक चपटा सेल असतो, सीआर २०३२, यंत्र बंद असतानाही तारीख-वेळ लक्षात ठेवायला. तो संपला होता. आठ दिवस चादरीत वीज नव्हती म्हणून यंत्र तारीख विसरलं आणि आपण २०१४ सालात आहोत असं समजून चाललं. साइटच्या सुरक्षेच्या दाखल्यांवर मुदत लिहिलेली असते, २०१४ मध्ये बसलेल्याला २०२५ चा दाखला खोटाच वाटणार. म्हणून ते इशारे! नवा सेल चाळीस रुपयांचा. चाळीस रुपये आणि ४८ हजार, या दोन आकड्यांच्या मधे फक्त चार स्क्रू होते, आणि ते उघडायची तसदी कोणी घेतली नाही. मीसुद्धा घेतली नाही, हे कबूल करते.

आता तुम्ही म्हणाल, बाई, वस्तू जुन्या होत नाहीत का? होतात ना! मी काही माळ्यावर फुटक्या बादल्या जमवणाऱ्यांतली नाही. (ह्यांना विचारू नका.) हार्ड डिस्क फिरून फिरून झिजते, जाते, आणि जाताना फोटो घेऊन जाते. दुरुस्त्या बंद झालेल्या विंडोजवर बँकेचे व्यवहार करू नयेत, हेही बरोबर आहे. कधीकधी बदलणं हेच शहाणपण असतं. माझं म्हणणं एवढंच की ते निदानानंतर आलं पाहिजे, निदानाऐवजी नाही. आधी सांगा काय बिघडलंय, मग सांगा दुरुस्तीला किती, नव्याला किती, मग मी ठरवेन. दाढ दुखते म्हणून गेले आणि डॉक्टर म्हणाले 'वय झालं, कवळी करून टाका', तर आपण त्या डॉक्टरकडे पुन्हा जाऊ का?

हे वाक्य सगळ्यांना का आवडतं तेही कळतं. दुकानदाराला विक्री मिळते. कंपनीला तक्रार बंद करता येते. त्या तंत्रज्ञाला दिवसाच्या यादीतलं पुढचं घर गाठता येतं, आणि त्याच्यावर माझा फारसा राग नाही, त्याची यादी त्याने केलेली नसते. पण या फेकाफेकीचा हिशोब कुठेतरी मांडला जातोच. संयुक्त राष्ट्रांच्या अहवालाप्रमाणे २०२२ या एका वर्षात जगात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा झाला, आणि त्यातला जेमतेम २२ टक्के नीट गोळा होऊन पुनर्वापराला गेल्याची नोंद आहे. आपल्याकडे ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. दुरुस्तीच्या हक्काचं सरकारी पोर्टल डिसेंबर २०२२ मध्ये निघालं. कागद चांगले आहेत. पण गावातला दुकानदार चार स्क्रू उघडायला तयार नसेल तर पोर्टल काय करणार?

आणि आता घरच्यांसाठी. हे वाचणाऱ्या माझ्या भाच्यांनो, पुतण्यांनो, आणि माझ्या चिरंजीवा, तूही. तुम्ही 'आई, टाकून दे, नवीन घे, पैसे मी देतो' म्हणता त्यात माया असते, मला माहीत आहे. पण नवीन घ्यायला सांगायला दहा सेकंद लागतात आणि 'कधीपासून होतंय, सांग बरं सगळं' असं विचारायला अर्धा तास. तुमच्याजवळ पैसे आहेत, अर्धा तास नाही. आम्हाला नेमकं उलटं हवं असतं. दुसरं असं की, सत्तरी ओलांडलेल्या माणसासमोर हे वाक्य जपून वापरा. गुडघ्याला 'जुना झालाय', डोळ्याला 'वयोमानाप्रमाणे', कानाला 'आता असंच चालायचं'. ताईचे कान गेले तेव्हा तिलाही पहिली दोन वर्षं हेच सांगत होते. मग इंदूरच्या एका डॉक्टरीणबाईंनी कानात नीट बघितलं तर एका कानात मळाचा बोळा घट्ट बसलेला. तो काढल्यावर पूर्ण नाही, पण दाराची बेल ऐकू येण्याइतकं तरी आलं. दोन वर्षं तिने बेलही ऐकली नव्हती.

मुलाला हे सगळं फोनवर सांगितलं. तो थोडा वेळ गप्प बसला, मग म्हणाला, "आई, मी विचारायला हवं होतं." मग लगेच, "पण लॅपटॉप चांगला आहे की नाही?" चांगला आहे रे बाबा. तो ह्यांना दिलाय, ते त्यावर बुद्धिबळ खेळतात आणि हरतात.

मी मात्र जुन्यावरच आले. सेल बदलला, हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली, विंडोज काढून लिनक्स मिंट टाकलं. यात एक दुखणं आहे, ते लपवत नाही. वीसेक वर्षं मी बरहावर मराठी टंकत आले, ते विंडोजवरचं. आता इनस्क्रिप्ट शिकतेय. त्र्याहत्तराव्या वर्षी पुन्हा 'क' कुठाय, 'ख' कुठाय. हा लेख लिहायला म्हणून नऊ दिवस लागले. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका दिसल्या तर कळवा, पण हसू नका. लिनक्सवर ह्याहून सोपी सोय कोणाला ठाऊक असेल तर तेही कळवा.

काल रात्री आठला ताईचा कॉल आला. खिडकी घट्ट बंद, बाहेर डास. आठ वाजून पाच झाले, दहा झाले, चित्र हललं नाही. ताईने मान पुढे काढून माझ्या खांद्यावरून मागे बघितलं.

"बेबी, भिंत कधी रंगवलीस गं?"

"दिवाळीला," मी सावकाश म्हटलं.

"आणि हा असला रंग कोणी निवडला?"

मी ह्यांच्याकडे बोट दाखवलं.